यलोस्टोन सरोवराकाठी आरव्हीचा मुक्काम: फिशिंग ब्रिजला जाणाऱ्यांसाठी

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात बारा कॅम्पग्राउंड आहेत. वीज, पिण्याचं पाणी आणि सांडपाणी अशा तिन्ही जोडण्या थेट जागेवर मिळतात त्या मात्र एकाच ठिकाणी, फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कमध्ये. (आरव्ही म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी किंवा ट्रेलर.) यलोस्टोन नदी सरोवरातून बाहेर पडते तिथे हा पूल आहे आणि पुलाच्या पूर्वेला, झाडांमध्ये, तीनशेच्या वर जागा आहेत. खुर्ची टाकून समोर निळं पाणी बघत बसू, असं चित्र मनात असेल तर ते आधीच पुसून टाका. सरोवराचा काठ चालत गाठायचा आहे, जागेवर बसून दिसणार आहे ती शेजाऱ्याची आरव्ही.

इथले बहुतेक नियम आणि बहुतेक अडचणी दोनच गोष्टींतून येतात: उंची आणि अस्वल. सरोवराचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून ७,७३३ फुटांवर, म्हणजे २,३५७ मीटरवर आहे. आणि हा भाग ग्रिझली अस्वलांच्या नेहमीच्या वावराचा आहे. या दोन गोष्टी डोक्यात पक्क्या असल्या की बाकीचं आपोआप सुचत जातं.

कोणती गाडी चालते

फक्त कडक भिंतींची. धातू, फायबरग्लास किंवा तत्सम टणक बाजू असलेली मोटरहोम, ट्रेलर, फिफ्थ व्हील (पिकअप ट्रकच्या हौद्यात अडकवायचा मोठा ट्रेलर), कॅम्परव्हॅन चालते. तंबू चालत नाही, कापडी बाजूंचा पॉप-अप ट्रेलर चालत नाही, आणि मोठ्या आरव्हीशेजारी मुलांसाठी एक छोटा तंबू ठोकू, हेही चालत नाही. कारण उघड आहे: कापड आणि ग्रिझलीचा पंजा यांची गाठ पडू द्यायची नाही. काही ट्रेलरची भिंत टणक असते, पण झोपायचा भाग कापडी असून बाहेर सरकतो. भाड्याने गाडी घेताना हे नीट विचारून घ्या, नाहीतर फाटकावरून परत फिरावं लागेल. तंबू हवाच असेल तर जवळच ब्रिज बे कॅम्पग्राउंड आहे. तिथे चारशेहून अधिक जागा आहेत, पण जोडण्या एकही नाहीत.

पहिल्यांदाच आरव्ही चालवणार असाल तर २५ फुटांच्या आसपासची क्लास सी (व्हॅन किंवा ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली मध्यम मोटरहोम) घ्या. ३१-३२ फुटी गाडीत पलंग एक जास्त मिळतो, पण उद्यानातल्या वाहनतळांवर ती उभी करायला जागा शोधताना अर्धा दिवस जातो.

आरक्षण: लांबी खरी सांगा

हे पार्क उद्यान सेवेच्या वतीने झँटेरा कंपनी ‘यलोस्टोन नॅशनल पार्क लॉजेस’ या नावाने चालवते, त्यामुळे आरक्षण त्यांच्याच संकेतस्थळावर किंवा फोनवर होतं. रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर शोधत बसू नका. हंगाम साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. जुलै-ऑगस्टच्या तारखा हव्या असतील तर वर्षभर आधीच हात मारावा लागतो. ते हुकलं असेल तर रद्द झालेल्या जागांवर लक्ष ठेवा. लोकांचे बेत मुक्कामाच्या पंधरा-वीस दिवस आधी बदलतात आणि सकाळी-सकाळी जागा मोकळ्या होतात.

आरक्षण करताना एकूण लांबी विचारतात. गाडीच्या मॉडेलमधला आकडा आणि खरी लांबी यांत फरक असतो: मागची शिडी, सायकल स्टँड, बंपर आणि मागे ओढत आणलेली कार, सगळं धरून टोकापासून टोकापर्यंत टेपने मोजा. ‘२८’ असं मॉडेल असलेली गाडी बहुतेक वेळा ३० फुटांपर्यंत भरते. लांबी कमी सांगून लहान जागा मिळवली तर नाक रस्त्यावर राहतं आणि तिथून उठवलं जातं. सोबत विजेची गरज ३० अँपिअरची आहे की ५०ची, हेही सांगा.

प्रवेशशुल्क वेगळं. खाजगी वाहनाला ३५ डॉलर, सात दिवसांसाठी. जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्या १६ वर्षांवरील प्रत्येक पाहुण्याला यलोस्टोनमध्ये त्यावर माणशी १०० डॉलर जादा पडतात. अनिवासींचा २५० डॉलरचा वार्षिक पास घेतला तर हा जादा आकार लागत नाही. भारतातून आई-वडील येणार असतील तर हा हिशेब आधी मांडा. शेजारच्या ग्रँड टेटनलाही तोच नियम असल्याने दोन्ही उद्यानं बघणाऱ्यांना पास सहज परवडतो.

रस्ता आणि घाट

पूर्वेकडून, कोडी गावातून आलात तर सुमारे ८० मैल. त्यातले शेवटचे २७ मैल पूर्व प्रवेशद्वारापासून पुढचे, आणि त्यात ८,५२४ फुटांवरची सिल्व्हन खिंड लागते. दक्षिणेकडून, जॅक्सन आणि ग्रँड टेटनमधून आलात तर दक्षिण प्रवेशद्वारापासून वेस्ट थंब २२ मैल आणि तिथून सरोवराच्या काठाने फिशिंग ब्रिज २१ मैल. लांब गाडीला हा सर्वात सोपा रस्ता. पश्चिमेकडून, वेस्ट यलोस्टोन गावातून मॅडिसन, नॉरिस, कॅन्यन करत ५६ मैल पडतात.

अंतरं लहान दिसतात, पण उद्यानात कमाल वेग ताशी ४५ मैल आहे आणि हेडन व्हॅलीत गव्यांचा (बायसनचा) कळप रस्त्यावर आला की तासभर जागचं हलता येत नाही. ताशी २५ ते ३० मैलांची सरासरी धरा आणि उजेडात पोहोचा. अंधारात काळा गवा डांबरी रस्त्यावर दिसत नाही. त्याचे डोळेही हरणासारखे चमकून उठत नाहीत.

दोन रस्ते टाळावेत. आयडाहोकडून जॅक्सनला उतरणारा टेटन पास दहा टक्के उताराचा आहे, जड गाडीचे ब्रेक तिथे हमखास तापतात. आणि कॅन्यन ते टॉवर मार्गावरची ८,८५९ फुटी डनरॅव्हन खिंड अरुंद आणि वळणांची आहे. ती बघायचीच असेल तर लहान गाडीतून बघा.

उतारावर पाय सतत ब्रेकवर ठेवू नका. उतार सुरू होण्याआधीच गिअर खाली घ्या आणि इंजिनाला गाडी धरू द्या. वेग ठरवलेल्या आकड्यापुढे गेला की तीन-चार सेकंद नेटाने ब्रेक दाबून पाच मैलांनी वेग कमी करा आणि पाय पूर्ण काढा. हलका-हलका सतत दाबलेला ब्रेक थंड व्हायला वेळच मिळत नाही. जळका वास आला तर पहिल्या मोकळ्या जागेत थांबून अर्धा तास तरी द्या आणि चाकांवर पाणी ओतू नका.

चढताना पाण्याची टाकी भरून नेण्यात अर्थ नाही. एक गॅलन पाणी ८.३४ पौंडांचं, म्हणजे ४० गॅलनचे ३३० पौंडांहून जास्त. वाटेतल्या संडासापुरतं पाच-सहा गॅलन ठेवा. आणखी एक बारीकसारीक गोष्ट: उंचीवर हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे वेफर्सची पाकिटं टम्म फुगतात, दह्याच्या डब्याचं झाकण वर येतं आणि शॅम्पूची बाटली उघडताच हातावर उडते. अशा बाटल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सिंकमध्ये ठेवा.

इंधन आणि प्रोपेन (शेगडी-हीटरचा गॅस) शेवटच्या मोठ्या गावात भरून घ्या. फिशिंग ब्रिजला पंप आणि दुकान दोन्ही आहेत, पण बाहेरच्यापेक्षा महाग. मोबाइलला उद्यानात बराच भाग रेंज नसते, म्हणून नकाशे आधीच उतरवून ठेवा.

जागेवर आल्यावर: क्रम मोडू नका

गाडी मागे घेण्याआधी एकाने खाली उतरून तीन गोष्टी बघायच्या: विजेचा खांब, नळ आणि सांडपाण्याचं तोंड कुठे आहेत, वर फांद्या किती खाली आल्या आहेत, आणि स्लाइड (खोलीचा बाहेर सरकणारा भाग) बाहेर येईल तिथे खांब किंवा झाड आड येतं का. जोडण्या चालकाच्या बाजूला, मागच्या अंगाला असतात. गाडीच्या सांडपाण्याचा नळ जमिनीतल्या तोंडाच्या जितका जवळ तितकं पुढचं काम सोपं, म्हणून गाडी कुठे थांबवायची ते त्यावरून ठरवा.

मग सपाटी. दाराच्या उंबऱ्यावर आणि फ्रिजच्या तळाशी छोटी लेव्हल ठेवून बघा. जी बाजू खाली असेल त्या चाकांखाली प्लॅस्टिकचे ठोकळे रचून गाडी त्यावर चढवा, हँडब्रेक ओढा, आणि चाकांच्या पुढेमागे अडसर लावा. ट्रेलर असेल तर अडसर लावल्याशिवाय हिच (ओढणाऱ्या गाडीशी असलेला जोड) सोडायचा नाही. कोपऱ्यांचे जॅक शेवटी आणि फक्त टेकतील इतकेच. ते गाडी उचलण्यासाठी नसतात, डुलणं थांबवण्यासाठी असतात. सपाटीचा आग्रह झोपेपुरता नाही. आरव्हीतला गॅस-विजेवर चालणारा शोषण फ्रिज तिरका राहिला तर त्यातलं अमोनियाचं द्रावण एका जागी साचतं आणि फ्रिज थंड करणं सोडतो. असं वारंवार झालं तर कायमचा जातो. एका बाजूला तीन अंशांपर्यंत कल चालून जातो, त्यापुढे नाही.

आता वीज. खांबावरचा ब्रेकर आधी बंद करा. खांबाच्या सॉकेटमध्ये सर्ज प्रोटेक्टर (वीज तपासून गाडी वाचवणारं यंत्र) लावा, ब्रेकर चालू करा आणि त्याचे दिवे वाचा. अर्थिंग नाही किंवा तारा उलट्या असं दाखवत असेल तर गाडी जोडू नका, कार्यालयात सांगून जागा बदलून घ्या. सगळं ठीक असेल तर ब्रेकर पुन्हा बंद, गाडीची केबल प्रोटेक्टरला, मग ब्रेकर चालू. ब्रेकर चालू ठेवून प्लग खुपसला की ठिणगी पडते आणि प्लगची पाती जळतात. उरलेली केबल गुंडाळी करून ठेवू नका, मोकळी पसरा, कारण गुंडाळलेली केबल भाराखाली तापते.

३० अँपिअर म्हणजे १२० व्होल्टला ३,६०० वॉट, इतकंच. ५०च्या जोडणीत १२० व्होल्टच्या दोन तारा असल्याने एकूण १२,००० वॉट मिळतात. ३०च्या गाडीचा ब्रेकर का उडतो हे साध्या बेरजेतून कळतं: छोटा खोली-हीटर साडेबारा अँपिअर, विजेवरचं पाणी तापवायचं यंत्र बारा, मायक्रोवेव्ह बारा-तेरा. तिन्ही एकदम चालू केले की अंधार. हीटर चालू असताना पाणी गॅसवर तापवा आणि मायक्रोवेव्ह लावताना हीटर बंद करा. संध्याकाळी सगळं पार्क एकदम वीज ओढतं तेव्हा व्होल्टेज पडतं. चांगला प्रोटेक्टर १०४ व्होल्टच्या खाली गाडीचा पुरवठा स्वतःच तोडतो. तो बिघाड नाही, मोटारी जळू नयेत म्हणून केलेली सोय आहे. व्होल्टेज सावरलं की थोड्या वेळाने पुरवठा परत येतो.

तिसरं पाणी. नळ दहा-वीस सेकंद मोकळा सोडा, त्याचं तोंड कपड्याने पुसा, मग दाबनियंत्रक थेट नळाला लावा आणि त्याला पिण्याच्या पाण्याची पांढरी किंवा निळी नळी. नियंत्रक गाडीच्या टोकाला लावला तर पूर्ण दाब नळीवर येतो आणि नळी रात्रीत फुटते. ४० ते ५० पीएसआय पुरे. आतल्या प्लॅस्टिकच्या जोडांना यापेक्षा जास्त दाब सोसत नाही, आणि फुटतात ते नेमके सिंकखाली, जिथे दुसऱ्या दिवसापर्यंत कोणाचं लक्ष जात नाही. नळ सोडल्यावर आत जाऊन सिंकखालची फळी हाताने चाचपा.

सांडपाणी सर्वात शेवटी, हातमोजे घालून, आणि ते हातमोजे पुन्हा पाण्याच्या नळीला लागता कामा नयेत. तीन इंची पन्हळी नळीचं एक टोक गाडीच्या नळाला: त्यावरचे खाचे खुंट्यांवर बसवून फिरवा आणि ओढून बघा. दुसरं टोक पारदर्शक कोपऱ्याने जमिनीतल्या तोंडात घट्ट. नळी आधारावर ठेवून उतार फुटामागे पाव इंच तरी मिळाला पाहिजे. मध्ये झोळ राहिला की तिथे मैला साचतो.

आणि आता भाड्याच्या आरव्हीतली हमखास होणारी गोष्ट. जोडणी जागेवरच आहे म्हणून लोक ब्लॅक टँकचा, म्हणजे संडासाच्या टाकीचा, व्हॉल्व्ह उघडा ठेवतात. पाणी लगेच वाहून जातं, घनपदार्थ आणि कागद मात्र संडासाखाली ढिगासारखे वाळत चढतात. तीन-चार दिवसांत ढीग नळापर्यंत येतो आणि मग कोणतंही रसायन त्याला हलवत नाही. ब्लॅकचा व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा, टाकी दोन-तृतीयांश भरली की एकदम सोडायची. ग्रे टँक, म्हणजे अंघोळ आणि सिंकचं पाणी, हवं तर मधूनमधून सोडा, पण रिकामी करायच्या आदल्या दिवशी तिचाही व्हॉल्व्ह बंद करा. कशासाठी ते पुढे येईल.

रात्रीची थंडी

जुलै-ऑगस्टमध्येही पहाटे पारा चार-पाच अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो, आणि जून किंवा सप्टेंबरमध्ये शून्याखाली जाणं नेहमीचं आहे. दव गोठलं की सर्वात आधी गोठते ती बाहेर पडलेली पाण्याची नळी. अंदाज शून्याजवळ असेल तर झोपण्याआधी गाडीची टाकी अर्धी भरून घ्या, नळ बंद करून नळी काढा, त्यातलं पाणी झटकून ती आत घ्या आणि रात्रभर पंपावर चालवा. सकाळी ऊन आल्यावर पुन्हा जोडा. नळीला गरम होणारी पट्टी लावण्याचे उद्योग भाड्याच्या गाडीत करण्यासारखे नाहीत.

आरव्हीचा फर्नेस (गाडी गरम करणारी भट्टी) प्रोपेनवर चालतो, पण त्याचा पंखा १२ व्होल्टवर. बॅटरी मेली की गॅस भरलेला असूनही थंडीत कुडकुडावं लागतं, म्हणून विजेला जोडलेलं असण्याचा इथे मोठा फायदा आहे. ३०,००० बीटीयूचा फर्नेस सलग चालला तर २० पौंडांचा सिलिंडर १४ तासांच्या आसपास पुरतो. प्रत्यक्षात तो थोडा वेळ चालून थोडा वेळ थांबतो, त्यामुळे दोन-तीन रात्री निघतात. विजेवरचा खोली-हीटर चालवून हा खर्च बराच वाचवता येतो. तो मात्र थेट भिंतीच्या सॉकेटला लावा, विस्तार-वायरीवर नको, आणि पडद्यांपासून तीन फूट दूर.

गॅसची शेगडी पेटवून गाडी गरम करायची नाही, कोणत्याही परिस्थितीत नाही. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. कार्बन मोनॉक्साइड आणि गॅसगळतीचे इशारायंत्र चाचणीचं बटण दाबून पहिल्याच दिवशी तपासा. खालच्या भागातलं गॅसचं यंत्र वाजलं तर आधी सगळे बाहेर, मग सिलिंडर बंद, मग शोध.

उंचीचा आणखी एक हिशेब जनरेटरचा. दर हजार फुटांना त्याची ताकद साधारण साडेतीन टक्क्यांनी घटते, म्हणजे ४,००० वॉटचा जनरेटर इथे तीन हजारांच्या आसपास उतरतो. वाहनतळावर दुपारी एसी सुरू होत नसेल तर बहुतेकदा कारण हेच असतं.

उंची माणसालाही लागते. सपाटीवरून एका दिवसात थेट इथे आलात तर पहिल्या रात्री डोकं जड होणं, झोप तुटणं, जिन्यावर धाप लागणं होतं. पाणी जास्त, जेवण हलकं, आणि पहिला दिवस काठाकाठाने फिरण्यात घालवा. डोकेदुखीबरोबर उलट्या किंवा तोल जाणं सुरू झालं तर खालच्या उंचीवर जाणं हाच उपाय. लेक व्हिलेजला उन्हाळ्यात दवाखाना असतो. आणीबाणीत ९११.

अस्वल: काय बाहेर ठेवायचं नाही

यादी लोकांना वाटते त्यापेक्षा लांब आहे. अन्न आणि शीतपेटी तर नाहीच. रिकामी शीतपेटीसुद्धा नाही, कारण अस्वल पेटीला ओळखतं, आतलं रिकामपण त्याला दिसत नाही. धुतलेली भांडी, ग्रिल, कुत्र्याची वाटी, कचऱ्याची पिशवी, टूथपेस्ट, सनस्क्रीन, लहान मुलाची दुधाची बाटली, सगळं आत. वापर चालू नसेल तेव्हा प्रत्येक वस्तू गाडीत आणि दार बंद. पाच मिनिटांसाठी संडासाला जाताना टेबलावर टाकलेलं सँडविचही नियमभंग ठरतं. शेकोटीलाही या पार्कमध्ये परवानगी नाही. शेकोटीशिवाय कॅम्पिंग कसलं, असं वाटत असेल तर ब्रिज बे किंवा ग्रँट व्हिलेज बघा.

नियमाचा भार पर्यटकावर कमी आणि अस्वलावर जास्त पडतो. माणसाच्या अन्नाची चटक लागलेलं अस्वल पुन्हापुन्हा वस्तीत येतं आणि शेवटी उद्यानाला त्याला मारावं लागतं.

उद्यानाचा नियम: अस्वल आणि लांडग्यांपासून १०० यार्ड, म्हणजे ९१ मीटर, गवा, एल्क आणि बाकी सर्व प्राण्यांपासून २५ यार्ड, म्हणजे २३ मीटर. गवा संथ दिसतो, पण तो माणसाच्या तिप्पट वेगाने पळतो. पार्कात गवा येऊन गाडीच्या दाराशी उभा राहिला तर तो जाईपर्यंत आत बसा. हाकलू नका, कपडा फडकवू नका.

अस्वलाचा फवारा (बेअर स्प्रे, अस्वलाला रोखायचा तिखट फवारा) विमानात नेता येत नाही, चेक-इन केलेल्या सामानातही नाही, त्यामुळे तो इथेच घ्यावा लागतो. मुदत संपलेली नाही ना बघा. तो पाठपिशवीत नाही, कमरेला हवा. अस्वल अंगावर धावून आलं आणि ३० ते ६० फुटांत पोहोचलं की सुरक्षा पिन काढून किंचित खाली, त्याच्या पुढ्यात, ढग तयार होईल असा मारायचा. अंगाला आधीच लावून ठेवायची ती गोष्ट नव्हे. असं करणारे दरवर्षी निघतात. उन्हात बंद गाडीत डबा ठेवला तर फुटू शकतो.

स्वयंपाक

इथे पाणी साधारण ९२ अंश सेल्सिअसला उकळतं. भात, डाळ, बटाटे उघड्या भांड्यात शिजता शिजत नाहीत आणि गॅस मात्र जळत राहतो. कुकर न्या. त्यातही खालच्यापेक्षा एखादी शिट्टी जास्त लागेल, कारण बाहेरचाच दाब कमी असल्याने आतलं तापमानही थोडं कमी राहतं. कांदा-फोडणीचे पदार्थ गाडीच्या आत, पंखा लावून करा, आणि तेलकट पाणी सिंकमध्ये ओतू नका: ग्रे टँकमध्ये तूप-तेल थंडीत गोठून निर्देशकावर चिकटतं आणि टाकी रिकामी असूनही भरलेली दाखवत राहते.

सरोवराशी वागणूक

सरोवर सुमारे १३२ चौरस मैलांचं, कमाल खोली चारशे फुटांच्या वर. मेच्या अखेरीपर्यंत किंवा जूनच्या सुरुवातीपर्यंत त्यावर बर्फ असू शकतो आणि पाण्याचं सरासरी तापमान पाच अंश सेल्सिअसच्या आसपास. इतक्या थंड पाण्यात पडलेल्या माणसाच्या हातातली ताकद काही मिनिटांत जाते आणि अर्ध्या तासापलीकडे टिकाव लागणं कठीण. पाय भिजवा, पोहू नका. दुपारी नैर्ऋत्येकडून वारा उठतो आणि सकाळी आरशासारखं असलेलं पाणी पाच फुटी लाटांनी भरतं. कयाक सकाळीच, काठ सोडून न जाता, जीवरक्षक जाकीट बांधून. प्रत्येक होडीला, फुगवायच्या कयाकलाही, उद्यानाचा परवाना आणि बाहेरचे शिंपले-वनस्पती येऊ नयेत म्हणून तपासणी लागते. होडी धुऊन, पाणी काढून, पूर्ण वाळवून आणली तर तपासणी लवकर उरकते.

त्याच वाऱ्यापायी बाहेरची ऑनिंग (दारावरचं गुंडाळायचं कापडी छत) उघडी ठेवून फिरायला जाऊ नका. ती गुंडाळायला दोन मिनिटं लागतात, आणि वाऱ्याने उलटून छतावर आदळली तर भाड्याच्या गाडीची अनामत गेली म्हणून समजा.

नाव फिशिंग ब्रिज असलं तरी पुलावरून मासेमारी १९७३ पासून बंद आहे, कारण कटथ्रोट ट्राउट नेमकं तिथे अंडी घालतात. इतरत्र १६ वर्षांवरील प्रत्येकाला उद्यानाचा परवाना लागतो, राज्याचा चालत नाही. स्थानिक कटथ्रोट पकडला तर सोडायचा. बाहेरून आलेला लेक ट्राउट सरोवरात पकडला तर मारायचाच, परत सोडणं बेकायदेशीर. १९९४ मध्ये तो इथे पहिल्यांदा सापडला आणि त्याने कटथ्रोटची संख्या पार खाली आणली. पुलावर उभं राहून जून-जुलैत स्वच्छ पाण्यात मासे बघणं मात्र फुकट आहे.

इथून फिरताना

जोडण्या सोडून रोज अख्खी आरव्ही घेऊन निघणं कंटाळवाणं आहे. मागे कार ओढून आणणं किंवा वेगळी छोटी गाडी भाड्याने घेणं शक्य असेल तर ते करा. उद्यानातल्या रस्त्यांचं खालचं वर्तुळ (लोअर लूप) ९६ मैलांचं आहे, आणि फायरहोल लेक ड्राइव्ह, मॅमथची अप्पर टेरेस, ब्लॅकटेल प्लॅटो ड्राइव्ह अशा फाट्यांवर आरव्ही आणि ट्रेलरना मनाई आहे. आरव्हीच न्यायची असेल तर सकाळी सातला निघा आणि मिडवे गीझर बेसिन दहाच्या आत उरका. त्यानंतर तिथे कारलाही जागा मिळत नाही.

जवळ बघण्यासारखं पुष्कळ: उत्तरेला तीन मैलांवर लहार्डी रॅपिड्स, सहा मैलांवर मड व्होल्केनो, त्यापुढे हेडन व्हॅली. पूर्वेला स्टॉर्म पॉइंटची सव्वादोन मैलांची सोपी वाट आहे, पण उन्हाळ्याच्या सुरुवातीला ग्रिझलींमुळे ती बंद असते. पेलिकन व्हॅली ३ जुलैपर्यंत पूर्ण बंद आणि नंतरही सकाळी ९ ते संध्याकाळी ७ एवढीच उघडी. चौघांहून कमी माणसांनी तिकडे जाऊ नये. कुत्र्याला कोणत्याच पायवाटेवर परवानगी नाही, रस्त्यापासून १०० फुटांच्या आत आणि सहा फुटी पट्ट्यावर.

निघायच्या दिवशी

सांडपाणी आधी, वीज शेवटी. हातमोजे घाला. नळी दोन्ही टोकांना घट्ट आहे हे बघून आधी ब्लॅकचा व्हॉल्व्ह पूर्ण ओढा. पारदर्शक कोपऱ्यात प्रवाह थांबला की व्हॉल्व्ह बंद करून संडासातून तीन-चार गॅलन पाणी सोडा आणि पुन्हा उघडा. पाणी बऱ्यापैकी स्वच्छ दिसेपर्यंत हे दोन-तीन वेळा. मग ब्लॅक बंद, ग्रे उघडा. आदल्या दिवशी ग्रेचा व्हॉल्व्ह बंद करायला सांगितला होता तो यासाठी: साबणाचं साठलेलं पाणी जोराने येतं आणि नळी धुऊन निघते. ग्रे बंद करा, गाडीकडचं टोक आधी सोडून वर उचला, सगळं जमिनीतल्या तोंडात जाऊ द्या, मग दुसरं टोक काढा. उलट केलंत तर नळीतलं सगळं पायावर. तोंडाचं झाकण लावा. रिकाम्या ब्लॅक टँकमध्ये दोन-तीन गॅलन पाणी आणि रसायनाची एक पुडी टाका, कोरडी टाकी पुढच्या मुक्कामाला त्रास देते.

मग पाण्याची नळी, तिची दोन टोकं एकमेकांना जोडून, वेगळ्या पेटीत. पाणी तापवायचं यंत्र आणि प्रोपेन बंद. शेवटी खांबाचा ब्रेकर बंद करून केबल काढा. दाबनियंत्रक नळालाच राहून जातो, प्रोटेक्टर खांबाला. दर मुक्कामाला कोणाचं तरी होतं. गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारा: स्लाइड आत, पायऱ्या आत, छतावरचा अँटेना आणि झडपा खाली, ऑनिंगच्या कड्या बसलेल्या, साठवणीच्या दारांना कुलूप, ठोकळे उचललेले. गाडी दहा फूट पुढे घेऊन थांबा, उतरून रिकामी जागा बघा, आणि टायरचा दाब थंड असतानाच मोजा. सिल्व्हन खिंडीतून कोडीकडे जाणार असाल तर उतार पूर्व प्रवेशद्वारापर्यंत सलग आहे, गिअर माथ्यावरच खाली घ्या.